फ्रँकफुर्टला न जाण्याची कारणं

१ जानेवारी २०१४, सकाळी ११
नवं वर्ष, नवी वही. ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी. तेव्हा खरं तेच लिहायचं. अक्षर मात्र जरा बरं काढायचं, पुढेमागे कुणा संशोधकाच्या हाती लागली तर पंचाईत नको.
यंदाचे संकल्प : ग्रुबेनची कादंबरी वाचून संपवणे. ग्रुबेनवरचं पुस्तक लिहून संपवणे. रोज सहाला उठणे. आज सुट्टी आहे, म्हणून तिन्ही उद्यापासून.
(संशोधकासाठी : आउगुस्ट ग्रुबेन. एकोणिसाव्या शतकातला जर्मन कादंबरीकार. नऊशे चार पानांची एकच कादंबरी लिहिली आणि गेला. जंगलखात्यातला एक कारकून खिडकीत बसून एका पत्राची वाट बघतो, हे कथानक. भारतात ग्रुबेनवर पीएचडी केलेला मी एकटा. बहुधा आशियातही. प्रबंधाचा विषय ‘ग्रुबेनच्या पूर्वार्धातील प्रतीक्षा’. त्या वेळी पान ४१२ पर्यंत आलो होतो. त्याला अकरा वर्षं झाली. घाईघाईने वाचणारे लोक वेगळे.)

२ जानेवारी
साडेआठला उठलो. सिंगापुरात सहाला अंधार असतो, हे संकल्प करताना लक्षात घेतलं नव्हतं.

१३ जानेवारी, संध्याकाळी ७
नवी टर्म सुरू. विद्यापीठाच्या लँग्वेज सेंटरमध्ये मी सहा वर्षं जर्मन शिकवतो. पार्टटाइम. पहिली पातळी. तेच पुस्तक, तेच दहा धडे. नमस्कार, माझं नाव अमुक, स्टेशन कुठे आहे, एक कॉफी द्या. माणसाला झिजवून टाकणारं काम आहे. माझ्यासारख्याने ‘एक कॉफी द्या’ शिकवायचं म्हणजे शास्त्रीय गवयाने बारशाला पाळणा म्हणण्यासारखं आहे.
वर्गात मिस्टर टॅन म्हणून सत्तरीचे एक गृहस्थ आलेत. त्यांनी विचारलं की स्टेशन कुठे आहे हे विचारता आलं समजा, पण समोरच्याने उत्तर दिलं तर काय करायचं? मी सांगितलं की ते दुसऱ्या पातळीत येतं. दुसरी पातळी आमच्याकडे नाही.

२२ जानेवारी
आनंद! आनंद!
सेंटरच्या प्रमुख डॉ. लिम यांनी बोलावून सांगितलं की जर्मन साहित्याचं एक नवं पद निघतंय. फुलटाइम लेक्चरर. अर्ज मार्चअखेर, मुलाखत जूनमध्ये. मी अर्ज करावा असं त्या म्हणाल्या. तसं त्या सगळ्यांनाच म्हणाल्या असतील, पण माझ्याकडे बघून म्हणाल्या.
हे पद माझ्याच मापाने शिवलेलं आहे. आणि मुख्य म्हणजे स्वतःचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना, मिळेल. विनीता (बायको, एका बँकेत आयटी मॅनेजर) हिच्या पासवर मी या देशात राहतो. माझ्या नि इराच्या पासचा प्रकार एकच. इरा दहा वर्षांची आहे. मला या गोष्टीचं काही वाटत नाही. पण वाटतं.

१६ फेब्रुवारी, रविवार
लिटिल इंडियात खरेदी. त्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या मोठ्या दुकानात कुकरच्या रांगेशी एक जर्मन जोडपं उभं होतं. आपसात शिट्ट्यांविषयी काहीतरी बोलत होतं, असा माझा अंदाज. इराने इथल्या मुलांच्या इंग्रजीत, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं की माय बाबा इज जर्मन एक्स्पर्ट, यू आस्क हिम, ला. ते गृहस्थ हसून माझ्याकडे वळले आणि भरभर काहीतरी बोलले.
मी इंग्रजीत उत्तर दिलं. एक तर दुकानात गोंगाट. दुसरं, माणूस दक्षिणेकडचा असावा, उच्चार पार वेगळे. तिसरं, ग्रुबेनच्या नऊशे पानांत कुकर कुठेही नाही. निदान पहिल्या ४१२ पानांत नाही.
विनीताने कढीपत्त्याची पिशवी माझ्या हातात दिली नि ती पुढे चालू लागली.

२ मार्च, रविवार
बाँबगोळा. विनीताला तिच्या बँकेने फ्रँकफुर्टला बोलावलंय. तिथली अख्खी टीम तिच्या हाताखाली. घर, इराची शाळा, सगळं तेच बघणार. उत्तर ३० जूनपर्यंत द्यायचंय.
बाई इतक्या खुशीत होत्या की श्रीखंड केलं होतं. म्हणाली, अरे विश्वास, तुझ्यासाठी तर हे स्वप्नच, आयुष्यभर जर्मन जर्मन करतोस, आता चल खऱ्या जर्मनीत. मी म्हटलं, विचार करतो. तिचा चेहरा जरा उतरला. श्रीखंड छान झालं होतं.
न जाण्याची कारणं :
थंडी. मला सायनस आहे.
इरा. दोन वर्षांनी तिची सहावीची मोठी परीक्षा.
माझं होऊ घातलेलं पद.
ग्रुबेन स्वतः फ्रँकफुर्टला कधीच गेला नव्हता.

३ मार्च, दुपार
रोजनिशीत खरं लिहायचं ठरलंय, म्हणून लिहितो. मी जर्मनीला एकदा गेलो आहे. २००३ साली, अकरा दिवस, परिषदेसाठी. पहिल्याच दिवशी एका माणसाला मी उत्तम जर्मनमध्ये विचारलं की माझी गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवरून सुटते. त्याने उत्तर दिलं. बरंच मोठं उत्तर दिलं. मी मान डोलावली, आभार मानले, गाडीत बसलो आणि भलत्याच गावी उतरलो. परिषदेचा पहिला दिवस तिथल्या एका बाकावर गेला.
हे विनीताला माहीत नाही. त्याचा आणि फ्रँकफुर्टचा काही संबंध नाही.

९ मार्च, रविवार
चारुदत्त जेवायला. हा माझा मित्र, बेडोकला एक खोली घेऊन राहतो. केमिस्ट्रीत पोस्टडॉक. दर रविवारी आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटवर येतो, तीन वाट्या आमटी पितो आणि मला चार गोष्टी सुनावून जातो. फ्रँकफुर्टचं ऐकून म्हणाला, लोक जर्मनीला जायला जर्मन शिकतात, तू बहुतेक न जाण्यासाठी शिकलास. विनीता खोखो हसली. इराही हसली, तिला तर कळलंही नसेल.
केमिस्ट्रीवाल्यांना साहित्यातलं काय कळतं! आमटी कमी पडली.

३१ मार्च, संध्याकाळी ४.५०
पाचची मुदत होती. अर्ज गेला. ‘प्रकाशने’ या रकान्यात पुस्तकापुढे ‘आगामी’ असं लिहिलं. खोटं काही नाही. जे झालेलं नाही ते आगामीच असतं.

१६ एप्रिल
घरी वाचन होत नाही. इराचा पियानो, शेजाऱ्यांचं ड्रिल. आता रोज सकाळी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमध्ये, बसून वाचायचं ठरवलं. इथल्या रीतीप्रमाणे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली नि कोपी (इथली कॉफी) आणायला गेलो. परत येतो तर एक आजी माझ्या जागेवर फिशबॉल नूडल्स खातायत आणि माझ्याच टिश्यूने तोंड पुसतायत. जाब विचारणार होतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाय काढता घेतला.
प्रगती : पान ४१९. कारकुनाने पेन्सिलीला टोक काढलं. अप्रतिम.

५ मे
मुलाखतीचं बोलावणं! ११ जून, बुधवार, सकाळी १०. अर्धा तास. वीस मिनिटं व्याख्यान, दहा मिनिटं प्रश्न. निवड समितीत डॉ. लिम, आणखी दोघे, आणि खास जर्मनीहून येणाऱ्या प्रोफेसर होल्टकाम्प. ग्रुबेनच्या काळातल्या कादंबऱ्यांवर या बाईंचा मोठा अधिकार. म्हणजे अखेर मला समजू शकेल असं माणूस येतंय.
विनीता म्हणाली की हे झालं तर फ्रँकफुर्टचं ती सोडून देईल. तुझं आधी, माझं मग बघू. नऊ वर्षं तू माझ्यामागे आलास, असं म्हणाली. मला एकदम भरून आलं. तिच्यासाठी तरी हे पद मिळवायचंच.
कादंबरी उद्यापासून रोज पंधरा पानं.

२७ मे
पान ४२३. वर्गाचे पेपर तपासायचे होते.

१० जून, संध्याकाळी ६
तयारी पूर्ण. व्याख्यानाचे सव्वीस कागद. इराला समिती म्हणून सोफ्यावर बसवलं. चौथ्या कागदाला तिने विचारलं, बाबा, द मॅन गेट हिज लेटर ऑर नॉट? मी सांगितलं, असे प्रश्न मुलं विचारतात, विद्वान नाही.
विनीताचं एकच टुमणं. साडेनऊला पोच, साडेनऊला पोच. तिला शांतपणे समजावलं की जर्मन विद्यापीठांत एक जुनी पद्धत आहे. दहाचं व्याख्यान म्हणजे सव्वादहाला. मधली पंधरा मिनिटं सर्वांना मान्य असतात, त्यांना ‘अकॅडमिक क्वार्टर’ म्हणतात. ठोक्याला हजर होणारा माणूस नवखा ठरतो. प्रोफेसर होल्टकाम्प मी दहाला येतो की सव्वादहाला, यावरूनच मला जोखतील. विनीताने विचारलं, तसं मेलमध्ये लिहिलंय का? मी म्हटलं, अशा गोष्टी सुसंस्कृत लोकांत लिहाव्या लागत नाहीत. ती म्हणाली, पण विद्यापीठ सिंगापूरचं आहे ना रे?
काही गोष्टी आयटीतल्या माणसांना समजावता येत नाहीत.

११ जून, दुपारी ३
झाली. उत्तम झाली.
तपशील. साडेनऊलाच कँपसवर पोचलो होतो. खालच्या कँटीनमध्ये काचेपाशी बसून दोन कोपी घेतल्या. पावणेदहाला होल्टकाम्पबाई लिफ्टकडे जाताना दिसल्या. वाटलं, बिचाऱ्यांना जेट लॅगमुळे वेळेचं भान नसेल. १०.०५ आणि १०.०९ ला सेंटरमधून फोन आले. उचलले नाहीत, लक्ष विचलित होतं. बरोबर १०.१५ ला दार ढकललं.
आत चौघंही गप्प बसले होते. मी स्मित करून होल्टकाम्पबाईंना जर्मनमध्ये म्हटलं, ‘शुभ सकाळ, अकॅडमिक क्वार्टर!’ त्यांनी घड्याळाकडे बघितलं. डॉ. लिम म्हणाल्या की साडेदहाला पुढचा उमेदवार आहे, तेव्हा दहा मिनिटांत आवरावं. सव्वीसपैकी चार कागद वाचून झाले. चारही सकस होते.
मग होल्टकाम्पबाई जर्मनमध्ये बोलल्या. बऱ्याच बोलल्या. मी मान डोलावली. त्या थांबल्या, मीही थांबलो. मग त्यांनीच सौजन्याने इंग्रजीत विचारलं की कादंबरीच्या शेवटामुळे तुमचा प्रतीक्षेचा सिद्धांत उलटा होत नाही का? मी म्हटलं, माझ्या दृष्टीने शेवट हा प्रश्न गौण आहे. त्यावर त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. खूपच थोडं लिहिलं, म्हणजे मुद्द्याचं असणार.
बाहेर पुढचा उमेदवार बसला होता. घामाघूम. दहा मिनिटं आधीच आलेला. कीव आली.
घरी येऊन विनीताला सगळं साग्रसंगीत सांगितलं. तिने मधे एकदाच विचारलं की मग, कसा होतो रे शेवट? मी विषय बदलला.

२२ जून, रविवार
अजून मेल नाही. मोठ्या निर्णयांना वेळ लागतो. चारुदत्त म्हणाला की होकार असला तर दोन दिवसांत कळतं. त्याला आमटी वाढली नाही.
जेवणानंतर विनीताने मला बाल्कनीत बोलावलं. म्हणाली, तीस तारीख जवळ आली, नीट विचार करून सांग, पद नक्की मिळतंय? नक्की ना? तिच्या डोळ्यांत बघून मी म्हटलं, शंभर टक्के.
एवढा आकडा सांगायची गरज नव्हती.

३० जून, सोमवार
विनीता ऑफिसातून आली आणि म्हणाली, पाठवली मेल. काय लिहिलंस असं मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. विचारायचं काय त्यात! सुटलो. फ्रँकफुर्टचं भूत उतरलं.
मी तिच्या आवडीचा म्हैसूर पाक आणून ठेवला होता. तिने एक तुकडा खाल्ला आणि बराच वेळ इराचे युनिफॉर्म इस्त्री करत बसली. सगळे आधीच इस्त्री केलेले होते.
आता नव्या जोमाने ग्रुबेन.

८ जुलै, दुपारी १.१०
मेल आली.
पाच ओळी. पदात दाखवलेल्या रसाबद्दल आभार. उमेदवारांचा दर्जा उच्च. पुढील वाटचालीस शुभेच्छा.
खाली डॉ. लिम यांनी स्वतः दोन ओळी जोडल्यात की ऑगस्टपासून पहिल्या पातळीला पुरेसे विद्यार्थी नाहीत, तेव्हा पुढच्या टर्ममध्ये वर्ग होणार नाही.
पाच वेळा वाचली.

९ जुलै
विनीताला सांगायचं आहे. आज तिची मोठी मीटिंग होती. अशा दिवशी नको.

१० जुलै
आज तिचं डोकं दुखत होतं.

११ जुलै
आज तिचं काही दुखत नव्हतं. चांगल्या मूडमध्ये होती. कशाला बिघडवा?

१३ जुलै, रविवार, संध्याकाळ
तिचा चेहरा बघवत नाही. ती अगदी नेहमीसारखी वागतेय, तेच बघवत नाही. माझ्या शंभर टक्क्यांपायी बाईने एवढी मोठी संधी सोडली. आणि मी ती कशासाठी सोडायला लावली? पदासाठी? पद हाती यायच्या आधीच, त्या श्रीखंडाच्या दिवशी, मी कारणं लिहून काढली होती. ती परत वाचली. लाज वाटली. सायनसचा त्रास मला गेल्या आठ वर्षांत झालेला नाही.

१४ जुलै, सोमवार
सकाळी लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावरच्या अंकलनी माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. योर जर्मनी विन वर्ल्ड कप ऑलरेडी, काँग्रॅच्युलेशन्स, प्रोफेसर! आणखी दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
संध्याकाळी विनीता दारात चप्पल काढत असतानाच सांगून टाकलं. पद नाही, वर्गही नाही, कादंबरी वाचून झालेली नाही. मग प्लॅटफॉर्मचंही सांगितलं, ते भलतं गाव, तो बाक. म्हटलं, मला जर्मनी आवडते गं, पण जर्मन लोक उत्तर देतात. तिथे गेलो तर पहिल्याच आठवड्यात तुम्हा दोघींना कळेल की मला काही येत नाही. इराला कळेल.
ती हसली नाही. मला वाटलं होतं, हसेल. एक चप्पल हातात तशीच धरून म्हणाली की तिला मुलाखतीच्या दिवशीच कळलं होतं. काही जमलं की तू गप्प असतोस, फसलं की तासभर वर्णन करतोस. ३० जूनला तिने नकार कळवलाच नव्हता. पंधरा दिवस वाढवून मागितले होते. मुदत उद्या संपत होती. तोपर्यंत तू आपणहून बोलशील का, एवढंच बघत होते, म्हणाली. आणि नसतो बोललो तर? तर उद्या नकार कळवला असता, म्हणाली. खोटं बोलत राहणाऱ्या घाबरलेल्या माणसाला कुठे नेणार?
तिने चप्पल रॅकवर ठेवली आणि कुकर लावायला गेली.

१६ जुलै, सकाळी १०
काल विनीताने फ्रँकफुर्टला होकार कळवला. आज तिकडून फॉर्म आला. सामान किती, मुलं किती, शाळा कुठली हवी. आम्ही दोघं टेबलाशी बसून भरत होतो. चौथ्या पानावर प्रश्न होता, जोडीदाराला जर्मन भाषेच्या मोफत वर्गाची गरज आहे का?
माझ्याकडे न बघता तिने ‘हो’ वर खूण केली.
त्याखाली पातळीचा रकाना होता. तिथे मात्र ती थांबली आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. पीएचडी, सहा वर्षांचा अनुभव, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग ‘पहिली’ लिहिलं, आणि तिला म्हटलं, सकाळचा वर्ग मिळतो का बघ.